पार्वतीची खोली आणि गिरणगावची जमीन

पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला मे 2024 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, तेव्हा आपल्याकडे बातमी झाली ती भारतीय चित्रपट तीस वर्षांनी तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचल्याची. याआधी 1994 मध्ये शाजी एन. करुण यांचा ‘स्वहम’ तिथे होता. मग चर्चा रंगली ती प्रभा आणि अनू या दोन मल्याळी परिचारिकांची, त्यांच्या एकटेपणाची, प्रेमाची आणि पावसाळी मुंबईतल्या निळ्या रात्रींची. या सगळ्यात तिसरी बाई जरा मागे राहिली. छाया कदम यांनी उभी केलेली पार्वती. इस्पितळात स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची, गिरणी कामगाराची विधवा. बावीस वर्षं जिथे संसार केला ती खोली तिला सोडावी लागते, कारण ती तिथे राहत होती हे सांगणारा एकही कागद नवऱ्यानं मागे ठेवलेला नाही.

मुंबईचं चित्र म्हणून हा चित्रपट मला मोलाचा वाटतो तो पार्वतीमुळे. शहर बदलतं तेव्हा नेमकं काय होतं, कोणाच्या हातून होतं आणि ज्याला जावं लागतं त्याला ते कसं कळतं, याचं इतकं अचूक निरीक्षण आपल्या पडद्यावर क्वचित आलं आहे. इथे बुलडोझर नाही, लाठीमार नाही. बिल्डरची माणसं धमकावून जातात, बाई वकिलाचा सल्ला घेते आणि तिच्याकडे दाखवायला काहीच नसतं. मुंबईत हजारो कुटुंबं नेमकी याच जागी अडली आहेत. ती तिथवर कशी आली हे दाखवणं चित्रपटाचं काम नाही, आणि पायल कपाडियानं तो सोस केलेलाही नाही. पण तो इतिहास ठाऊक असला की पार्वतीच्या गप्प बसण्याचं वजन कळतं.

कामगारांच्या वस्त्या अशा बदलण्याला एक नाव आहे. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 मध्ये लंडनबद्दल लिहिताना ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द प्रथम वापरला. इस्लिंग्टनसारख्या भागातली कामगारांची घरं मध्यमवर्गीय लोक घेत होते, नीटनेटकी करून राहायला येत होते, आणि बघता बघता मूळचे रहिवासी हटून वस्तीचा तोंडवळाच पालटत होता. पुढे 1979 मध्ये भूगोलाचे अभ्यासक नील स्मिथ यांनी म्हटलं की नव्यानं येणाऱ्यांच्या आवडीनिवडी बघण्याआधी जमिनीचा हिशेब बघा. एखाद्या जमिनीतून आज मिळणारं उत्पन्न आणि तिचा सर्वांत किफायतशीर वापर केला तर मिळू शकणारं उत्पन्न यांत एक दरी असते. वस्ती जुनी होत गेली, दुरुस्ती थांबली की ती रुंदावते. पुरेशी रुंदावली की पैसा त्या वस्तीकडे वळतो, आणि माणसं बाहेर पडू लागतात.

मुंबईत ही दरी रुंदावण्याची गोष्ट लंडनहून वेगळी आहे, आणि तिची सुरुवात एका चांगल्या हेतूच्या कायद्यात आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात घरमालकांच्या मनमानीपासून भाडेकरूला वाचवणं गरजेचंच होतं. पण तो तात्पुरता उपाय दशकानुदशकं मुदतवाढ घेत राहिला. खोलीचं भाडं पाच-दहा रुपयांवर थांबलं, मालकानं दुरुस्तीतून अंग काढलं, आणि खोलीची खरी किंमत पागडीच्या रूपानं रोखीत फिरू लागली. त्यातला बराचसा व्यवहार तोंडी. 1969 मध्ये सरकारनं जुन्या इमारतींवर उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. तेव्हा बेट शहरातल्या सुमारे 19 हजार इमारती त्याच्या यादीत आल्या. मंडळानं टेकू लावले, गच्च्यांवर डांबर टाकलं, पण इमारती म्हाताऱ्या होत गेल्या आणि खालची जमीन महाग होत गेली.

सईद मिर्झा यांनी या दरीवर 1984 मध्येच चित्रपट काढला होता, ‘मोहन जोशी हाजिर हो!’ भीष्म साहनी आणि दीना पाठक यांनी केलेलं वृद्ध जोडपं घरमालकावर खटला भरतं. मागणी एकच, इमारत दुरुस्त करून द्या. खटला वर्षानुवर्षं चालतो, वकील गब्बर होतात, शेजारीपाजारी टर उडवतात. शेवटी न्यायाधीश पाहणीला येणार म्हणून मालक घाईघाईनं टेकू लावून इमारत धडधाकट दाखवतो, आणि मोहन जोशी ते टेकूच उखडायला लागतात. ज्याला मालकाच्या दुरुस्तीचं ढोंग असह्य होतं तो म्हातारा छप्पर आपल्याच अंगावर ओढून घेतो. मिर्झांच्या चित्रपटात भाडेकरूकडे निदान कोर्टात जाण्याएवढी ओळख होती. भाडेकरू म्हणून त्याचं नाव होतं, मालकाला ते मान्य होतं, भांडण होतं ते कर्तव्याचं. चाळीस वर्षांनी पार्वतीचं भांडण त्याच्याही अलीकडे येऊन थांबलं आहे. ती भाडेकरू आहे हेच आधी सिद्ध व्हायचं आहे.

मधल्या काळात काय झालं? 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 33(7) हा नियम आला. उपकरप्राप्त इमारत पाडून बिल्डरनं मूळ भाडेकरूंना तिथेच फुकट घर द्यायचं, आणि त्याच्या बदल्यात जादा चटई क्षेत्र वापरून वरचे फ्लॅट बाजारभावानं विकायचे. पाच रुपये भाडं भरणाऱ्याला मालकी हक्काचं, स्वतंत्र संडास-बाथरूमचं घर मिळणार होतं. अनेकांना ते मिळालंही, आणि त्याची थोरवी ज्यांनी पहाटे चाळीच्या सामाईक संडासासमोर रांग लावली आहे त्यांनाच कळेल. पण या साऱ्या योजनेचं दार एका यादीतून उघडतं. इमारतीत अधिकृत रहिवासी कोण, याची यादी म्हाडाकडून प्रमाणित होते. भाडेपावती, शिधापत्रिका, वीजबिल, मतदार यादीतलं नाव असे पुरावे जुळवावे लागतात. यादीत नाव असलेला माणूस टॉवरच्या बाजूच्या इमारतीत घर मिळवतो. नाव नसलेला माणूस कायद्याच्या नजरेत तिथे राहतच नव्हता.

गिरणगावात यादीबाहेर राहिलेली माणसं इतकी का, हे समजायला तिथलं राहणं आठवावं लागतं. दहा बाय दहाचा गाळा, त्यात आठ-दहा जण. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी येऊन त्याच वळकट्यांवर आडवी व्हायची. गावकरी मंडळांनी मिळून घेतलेल्या खोल्या, जिथे त्या गावचा कोणीही चाकरमानी ट्रंक घेऊन टेकू शकत असे. खानावळी चालवणाऱ्या बायका, ज्यांच्या जेवणावर अख्खी पाळी उभी राहायची. भाडेपावती असायची ती कोणा एकाच्या नावावर, बहुधा पुरुषाच्या. बाकीचे पोटभाडेकरू, नातेवाईक, गाववाले. ही व्यवस्था विश्वासावर चालली आणि अनेक पिढ्या व्यवस्थित चालली. हाच विश्वास कागदाच्या कसोटीला लागला तेव्हा सर्वांत आधी हरल्या त्या बायका. वकिलापुढची पार्वती त्यांपैकीच एक आहे, आणि पटकथेला हे नेमकं माहीत आहे. ती भोळी किंवा अडाणी नाही. कागद सांभाळणं हे घरात नवऱ्याचं काम होतं, आणि तो ते न सांगताच गेला.

खोलीच्या गोष्टीपेक्षा मोठी गोष्ट खोलीबाहेरच्या जमिनीची. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून आजारी पडल्या, बंद झाल्या, आणि शहराच्या ऐन पोटात, परळ, लालबाग, वरळी, भायखळ्यात सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होऊ लागली. मुंबईसारख्या बेटावर इतकी जमीन एकदम हाती येणं ही शंभर वर्षांतून एखादवेळी येणारी संधी होती. 1991 च्या नियमावलीतल्या 58 क्रमांकाच्या नियमानं तिची तीन हिश्श्यांत विभागणी सांगितली: एक हिस्सा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला विकासासाठी. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा मांडला. तुकड्या-तुकड्यांनी विचार न करता सलग मोकळ्या जागा, स्थानकांलगतचे चौक आणि घरं यांची सांगड घालावी, असा त्याचा रोख होता. तो आराखडा बाजूला पडला.

मग 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी करायची ती गिरणीच्या सगळ्या जमिनीची नव्हे, तर ज्या भागावर बांधकाम नव्हतं तेवढ्याचीच, असं ठरलं. गिरणी म्हणजे शेड, गोदामं, बॉयलर, चिमणी. जमिनीचा मोठा भाग बांधलेलाच असतो. त्यामुळे शहराला आणि म्हाडाला मिळायचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून कितीतरी खाली आला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूळ वाटणीच्या बाजूनं निकाल दिला. पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि 2001 चा नियम कायम ठेवला. माझ्या मते आधुनिक मुंबईच्या इतिहासातला हा सर्वांत महागडा निर्णय आहे, कारण त्याची किंमत कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. ती दिसते पूर्वीच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरच्या गर्दीत, नसलेल्या मैदानांत आणि न बांधलेल्या घरांत.

ज्युपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, मुंबई टेक्स्टाइल, कोहिनूर या सरकारी गिरण्यांच्या जमिनी त्याच सुमारास लिलावात शेकडो कोटींना गेल्या. फिनिक्सच्या आवारात मॉल आला, कमलाच्या आवारात कार्यालयं आणि रेस्तराँ आली. चिमण्या कुठे कुठे शोभेसाठी राखल्या गेल्या. जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात संपानंतर उसवत गेलेलं कुटुंब दाखवलं होतं, आणि पुढे ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहातून याच भूमीवरचं नंतरचं जगणं. त्या संग्रहाला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाला ही भूमी साहित्यातून आधीच माहीत होती. ‘अधांतर’वरून 2010 मध्ये महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ केला, त्यात मात्र गुन्हेगारीचा आवाज इतका चढला की घरातली धुसफूस दबून गेली. स्वतंत्र चित्रपटाची ताकद मला इथे दिसते. त्याला प्रेक्षकाला धरून ठेवायला गोळीबार लागत नाही, त्यामुळे तो रिकाम्या फडताळाकडे हवा तेवढा वेळ बघू शकतो.

पार्वतीच्या घराजवळ नव्या टॉवरचा जाहिरात फलक आहे. दर्जा हा विशेषाधिकार आहे आणि तो तसा अधिकार असलेल्यांसाठीच राखीव आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ त्यावर झळकते. एका रात्री प्रभा आणि पार्वती त्या फलकावर दगड मारतात आणि हसत सुटतात. चित्रपटातला हा एकच उघड प्रतिकार. कोणाला तो लहान वाटेल. मला तो खरा वाटतो. मुंबईतल्या टॉवरांच्या जाहिराती गेली वीस वर्षं अशाच भाषेत बोलत आल्या आहेत, आणि त्या भाषेचं खरं काम गिऱ्हाईक ओढण्याइतकंच जुन्या रहिवाशांना ते आता परके झाले आहेत हे सांगण्याचं आहे. दगड त्या वाक्याला लागतो.

चित्रपटातल्या मुंबईची सुरुवातही सूचक आहे. चित्रपट उघडतो तो रात्रीच्या दादरच्या बाजारात, हातगाड्या आणि लोकलच्या गर्दीत, आणि त्यावर ऐकू येतात वेगवेगळ्या भाषांत बोलणाऱ्या माणसांचे आवाज. बाहेरून येऊन इथे वर्षं काढलेले लोक शहराबद्दल बोलतात. त्यांतल्या एकाला इतक्या वर्षांनंतरही या शहराला घर म्हणायची भीती वाटते. पायल कपाडिया मूळची माहितीपटाची दिग्दर्शिका, आणि ते इथे उपयोगी पडलं आहे. कॅमेरामन रणबीर दास यांनी टॉवर पडद्यावर मिरवले नाहीत. ते दूरवर, खिडकीबाहेर, दिव्यांचे ठिपके म्हणून राहतात. कॅमेरा असतो डब्यात, फलाटावर, दोन बायकांनी भाड्यानं घेतलेल्या खोलीत. शहराची उंची त्यांना ज्या जागेवरून दिसते तिथूनच आपल्याला दिसते.

शेवटी पार्वती गावी परतते, आणि प्रभा-अनू तिला पोचवायला जातात. ही वाट योगायोगाची नाही. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला, आणि तेव्हापासून कोकणानं गिरण्यांना माणसं पुरवली. बोटीनं, पुढे एसटीनं, मागून कोकण रेल्वेनं. संपाच्या काळात कामगार याच वाटेनं गावी गेले, भातावर गुजराण करत निकालाची वाट पाहत राहिले, आणि अनेक जण परतलेच नाहीत. पार्वती त्या उलट्या प्रवाहातली उशिरा निघालेली प्रवासी आहे. गावच्या घरात वीज नाही, पण घर तिचंच आहे का, हे कोणी विचारत नाही.

इथे मला चित्रपटाशी थोडं भांडायचंय. कोकणात आल्यावर त्याला समुद्र, गुहा, स्वप्नासारखे प्रसंग सापडतात आणि पार्वतीचा प्रश्न मंदावतो. ज्यांना गावी घर आहे त्यांच्यासाठी ही सुटका खरी असेल. पण गिरणगावातल्या कितीतरी बायकांचं गावचं घर भावकीत वाटलं गेलं आहे किंवा पडून गेलं आहे. त्या खोलीतून निघाल्या की थेट कल्याणपलीकडे, नालासोपाऱ्याला, पनवेलमागे जातात, आणि कामासाठी रोज दोन-दोन तास लोकलला लटकतात. हद्दपारीचं हे नेहमीचं रूप चित्रपटात नाही. तसंच लालबाग-परळची सामूहिक ताकदही त्यात पुसटच आहे: मंडळं, भजनं, युनियनची कार्यालयं, गणपती. ती आज बरीच विरली आहे हे खरं, पण पूर्ण संपलेली नाही.

असं चित्र काढणारा चित्रपट स्वतः या बदलाच्या बाहेर असतो का? अमेरिकेत हा प्रश्न आधी विचारला गेला. बॅरी जेन्किन्स यांनी 2008 मध्ये ‘मेडिसिन फॉर मेलन्कली’ हा अगदी तुटपुंज्या पैशांत केलेला चित्रपट सॅन फ्रान्सिस्कोत घडतो. एक कृष्णवर्णीय तरुण आणि तरुणी दिवसभर शहरात फिरतात, आणि हे शहर त्यांच्यासारख्यांना ठेवत नाही ही खंत त्यांच्या बोलण्यात सारखी येते. पडद्यावरचे रंगही जवळजवळ धुऊन काढलेले आहेत. मध्येच प्रेमकथा थांबते आणि कॅमेरा घरभाड्याच्या कायद्यावर चाललेल्या एका बैठकीत जाऊन बसतो. पण असे चित्रपट ज्या वस्तीचं दुःख सांगतात त्या वस्तीचं आकर्षणही वाढवतात, आणि नव्या येणाऱ्यांना तीच जुनी खिडकी, तोच रस्ता हवासा वाटू लागतो.

मुंबईत हा धागा आणखी प्रत्यक्ष आहे. कुलाब्याची मुकेश मिल 1982 च्या आगीनंतर बंद पडली आणि तिच्या भग्न इमारती कित्येक वर्षं चित्रपटांच्या शूटिंगची आवडती जागा झाल्या. कामगारांचं गेलेलं काम पडद्यावर नेपथ्य झालं. लोअर परळच्या कामगार वस्तीतलं दीपक टॉकीज हे जुनं एकपडदा थिएटर 2014 च्या सुमारास ‘मॅटरडेन’ नावानं जागतिक चित्रपटांचं घर झालं. थिएटर वाचलं आणि चांगले चित्रपट दिसू लागले याचा आनंद खरा आहे. पण खुर्च्यांवर बसणारी माणसं बदलली हेही तितकंच खरं. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ भारतभर प्रदर्शित झाला तो मुख्यतः मल्टिप्लेक्सांत, आणि मल्टिप्लेक्सचं तिकीट इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या दिवसाच्या कमाईशी झगडतं. याचा दोष दिग्दर्शिकेला देता येत नाही. पण अशा चित्रपटाला लालबागच्या एखाद्या मंडळाच्या मंडपात, पांढऱ्या पडद्यावर दाखवण्याची सोय व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं, कारण जिथे वकिलाला दाखवायला कागद नसल्यावर काय होतं हे ठाऊक असलेला प्रेक्षक बसलेला आहे, तिथे त्या प्रसंगाचा अर्थ वेगळा लागतो.

पार्वतीसारख्या बाईपुढे कागदाचा आणखी एक रस्ताही असतो. गिरण्यांच्या जमिनीवर म्हाडाच्या वाट्याला जी घरं आली, त्यांतला हिस्सा गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना देण्याचं ठरलं, आणि 2012 मध्ये मोठी सोडत निघाली. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार पात्र. तो हयात नसेल तर वारस. सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले आणि आजवर मिळालेली घरं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. उरलेल्यांसाठी अलीकडे शेलू आणि वांगणीला, कर्जतच्या वाटेवर घरांचा प्रस्ताव आला, तेव्हा जुलै 2025 मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांच्या बायका आझाद मैदानात उतरल्या. त्यांची मागणी मुंबईतल्याच घराची आहे. पात्र ठरण्यासाठी लागतं ते गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, ईएसआयसीचं कार्ड, भविष्य निर्वाह निधीची चिठ्ठी. नवऱ्याच्या ट्रंकेत असतील तर. वारसाला कामगाराच्या मृत्यूचा दाखला आणि आपलं नातं सिद्ध करणारी कागदपत्रं जोडावी लागतात, आणि पात्रता निश्चितीचं काम अजून चालू आहे.